ज्यांना कसोटीची टोपी मिळाली नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वरसे गावात भातकापणी उरकून भारे खळ्यावर गेले की खाचरं मोकळी होत. रोह्याला लागून असलेलं हे गाव. माझ्या लहानपणी दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत ती खाचरं आम्हा पोरांची असायची. नारळाच्या झावळीचा देठ तासून बॅट करायची, बांध म्हणजे सीमारेषा, आणि चेंडू पलीकडच्या ओढ्यात गेला तर ज्याने मारला त्याने आणायचा. आमच्यात एकच मोठा माणूस खेळायला यायचा, तो म्हणजे माझे धाकटे चाचा. डावखुरे होते. लुंगी दुमडून, चपला बांधावर काढून ते दोन पावलांच्या धावेत चेंडू टाकायचे. चेंडू हवेत जरा रेंगाळायचा आणि पडला की ढेकळावर पाय ठेवल्यासारखा बाहेर वळायचा.

घरात एक ट्रान्झिस्टर होता. कसोटी सामना असला की त्याचा कान पिळून बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लावायचं. तो आवाज माझ्या पिढीला घरच्यासारखा होता. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले होते. म्हणजे ज्यांच्या तोंडून आम्ही गावस्कर आणि विश्वनाथ ऐकले, ते स्वतः कसोटीच्या उंबरठ्याअलीकडचे खेळाडू. हे समजल्यापासून मला अशा माणसांचा छंदच लागला म्हणा ना. रणजीत आयुष्य घालवलेले, पुढे एकही कसोटी न मिळालेले. आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

आमच्या चाचांचा पीर एकच, पद्माकर शिवलकर. डावखुरा फिरकी गोलंदाज, मुंबईचा. १९६१-६२ पासून १९८७-८८ पर्यंत ते प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले. १२४ सामन्यांत ५८९ बळी, आणि प्रत्येक बळीमागे दिलेल्या धावा वीसपेक्षाही कमी. एका डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी बेचाळीस वेळा घेतले. कसोटी सामने : शून्य.

त्यांचा एक सामना चाचा आम्हाला गोष्टीसारखा सांगत. १९७२-७३ च्या रणजीचा अंतिम सामना, मद्रासला, चेपॉकवर. मुंबई विरुद्ध तमिळनाडू. यजमानांकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, दोघेही कसोटी खेळलेले फिरकी गोलंदाज, आणि खेळपट्टीही फिरकीला मानवणारी. मुंबईच्या १५१ धावा झाल्या. तमिळनाडू ८०. मुंबई पुन्हा ११३. तमिळनाडू ६१. पाच दिवसांचा सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच बळी घेतले. मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद. दुसऱ्याने आपल्यासाठी खणलेल्या विहिरीचं पाणी आपणच पिऊन यावं, तसा हा सामना.

मग कसोटी का नाही? याचं उत्तर चहाच्या टपरीवरचा माणूसही देतो : बिशनसिंग बेदी. १९६६ ते १९७९ अशी तेरा वर्षं भारताच्या संघात डावखुऱ्या फिरकीची जागा बेदींकडे होती आणि ६७ कसोटींत २६६ बळी घेऊन त्यांनी ती राखली. बाजूला प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तर चार होत्या. बेदी गेले तेव्हा शिवलकर एकोणचाळीस वर्षांचे झाले होते. जागा मिळाली दिलीप दोशींना. त्यांचंही वय तेव्हा तिशीपार होतं, पण त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेतले, तेव्हा त्या निवडीला चूक म्हणता येत नाही.

इथवर मला मान्य आहे. रांगेत पुढे तालेवार माणूस उभा असेल तर मागच्याने चिडून काय करायचं? पण याच रांगेत आणखी एक डावखुरे उभे होते, हरियाणाचे राजिंदर गोयल. रणजीत ६३७ बळी, हा विक्रम आजही त्यांच्या नावावर आहे. १९७४ च्या नोव्हेंबरात वेस्ट इंडीजविरुद्ध बंगलोरची कसोटी होती आणि शिस्तीच्या कारणावरून बेदींना त्या सामन्यातून वगळलं होतं. गोयलांना बोलावणं आलं. ते बंगलोरला पोचले. सकाळी अकरा जणांत त्यांचं नाव नव्हतं. प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन खेळले. पुढच्या कसोटीत बेदी परत आले आणि गोयलांचं कपाट पुन्हा बंद झालं. तेव्हा ‘बेदी होते म्हणून’ हे उत्तर पुरं पडत नाही. बेदी नव्हते त्या एका सकाळीही दार उघडलं नाही. दैव, दैव म्हणून आपण पुष्कळ गोष्टी खपवतो. त्यातल्या काही बंद खोलीत बसलेल्या चार-पाच माणसांनी ठरवलेल्या असतात.

सुनील गावस्करांनी १९८३ साली ‘आयडॉल्स’ हे आपल्या आवडत्या खेळाडूंवरचं पुस्तक लिहिलं, त्यात शिवलकर आणि गोयल दोघांवरही लेख आहेत. क्रिकेट नियामक मंडळाला मात्र जरा वेळ लागला. २०१७ साली दोघांना एकाच वेळी सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. गोयल २०२० मध्ये गेले आणि शिवलकर ३ मार्च २०२५ ला.

आता थोडं मागे जाऊ, कारण ज्या माणसाने मला खरं कोड्यात टाकलं तो गोलंदाज नव्हता. तो फलंदाज कोल्हापूरचा. भाऊसाहेब निंबाळकर.

१९४८ चा डिसेंबर महिना. पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा रणजी सामना. काठियावाडचा डाव २३८ धावांवर संपला. मग महाराष्ट्र फलंदाजीला आला आणि उतरेचना. कमल भांडारकरांनी २०५ धावा केल्या, त्यांची आणि निंबाळकरांची दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी झाली. भांडारकर गेले तरी निंबाळकर खेळतच राहिले. ४९४ मिनिटं, एकोणपन्नास चौकार, एक षटकार. धावफलक ४ बाद ८२६ वर आला तेव्हा निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. जगात त्याच्यापुढे एकच आकडा होता, डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२. आणखी दहा धावा हव्या होत्या. दोन-तीन षटकांचा मामला.

तेवढ्यात विश्रांती झाली. काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्याच वर्षी काठियावाडातली संस्थानं विलीन झाली होती, पण संघाची कप्तानी अजून ठाकोरसाहेबांकडेच होती. त्यांनी सांगितलं, डाव घोषित करा, नाही तर आम्ही निघालो. महाराष्ट्राने थोडी मुदत मागितली. काठियावाडने सामना सोडून दिला आणि संघ मैदानावर परतलाच नाही. निंबाळकर ४४३ वर राहिले ते कायमचे. आजही प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीयाने केलेली ती सर्वांत मोठी खेळी आहे. चारशेच्या वर गेलेला दुसरा भारतीय नाही.

लोक त्या दहा धावांची हळहळ करतात. मला त्यांचं इतकं वाईट वाटत नाही. ब्रॅडमनचा विक्रम तसाही १९५९ मध्ये हनीफ महंमदने मोडला आणि हनीफचा १९९४ मध्ये ब्रायन लाराने. मला खुपतं ते निराळंच. तारखा बघा. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ पाच कसोटी खेळायला भारतात आला होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली. निंबाळकरांचा सामना १६ डिसेंबरला सुरू झाला. कलकत्त्याची तिसरी कसोटी ३१ डिसेंबरला. म्हणजे दोन कसोटींच्या मधल्या सुट्टीत एका माणसाने ४४३ धावा केल्या, वर्तमानपत्रांतून नाव झालं, आणि अजून तीन कसोटी शिल्लक होत्या. तिन्हींत त्यांना घेतलं नाही. त्या मालिकेत नाही आणि पुढेही कधी नाही.

तुम्ही म्हणाल, काठियावाडची गोलंदाजी ती काय! ठीक आहे. हजारे, मोदी, अमरनाथ, अधिकारी अशी त्या वेळची फलंदाजी होती हेही खरं. पण निंबाळकर काही एका दिवसाचे पाहुणे नव्हते. बडोदे, होळकर, महाराष्ट्र, रेल्वे अशा संघांतून ते १९६५ पर्यंत खेळले आणि सुमारे ४८ च्या सरासरीने ४८४१ धावा त्यांनी केल्या. एक कसोटी देऊन पाहायला काय हरकत होती? २००२ साली त्यांनाही नायडू पुरस्कार मिळाला. ११ डिसेंबर २०१२ ला, त्र्याण्णवावा वाढदिवस एक दिवसावर असताना, ते कोल्हापुरात वारले.

अशी माणसं काही आपल्याकडेच होतात असं नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या लीगखाली छोट्या लीगची उतरंड आहे, गावोगावचे संघ त्यात खेळतात. न्यू मेक्सिको राज्यात रॉझवेल नावाचं गाव आहे. तिथल्या संघाकडून जो बाउमन या खेळाडूने १९५४ च्या एका मोसमात ७२ होमरन मारले. होमरन म्हणजे आपला षटकार समजा. व्यावसायिक बेसबॉलमध्ये हा आकडा २००१ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं, कुणाला ओलांडता आला नाही. बाउमन मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत. ते गावात पेट्रोलपंप चालवत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला निंबाळकरांचीच आठवण झाली. ७२ आणि ४४३, दोन्ही आकडे वहीत ठळक, आणि दोघांनाही वरच्या घरात प्रवेश नाही. उर्दूत शायराच्या रीतसर संग्रहाला दिवाण म्हणतात. मुशायऱ्यात लोकांनी डोक्यावर घेतलेले कितीतरी शायर दिवाणावाचून गेले. मी स्वतः तालुक्याच्या संमेलनांचा कवी, म्हणजे रणजीतला म्हणायलाही हरकत नाही. तेव्हा माझा पक्षपात होत असेल तर श्रोत्यांनी तो वजा करावा.

अलीकडचं नाव अमोल मुझुमदारचं. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता तो अमोल. त्याची पाळी आलीच नाही. १९९४ मध्ये रणजीतल्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा केल्या, पुढे एकूण ११,१६७ केल्या, मुंबईचं कप्तानपद सांभाळून २००६-०७ चा करंडकही जिंकून दिला. पण द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण एका रांगेत उभे राहिल्यावर जागा उरते कुठे? २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हेच मुझुमदार होते. त्या रात्री आमच्या घरी टीव्हीसमोर चाचा असायला हवे होते असं फार वाटलं.

कारण चाचांचीही एक गोष्ट आहे. मुंबईत कसोटीकडे जाणाऱ्या जिन्याची खालची पायरी म्हणजे कांगा लीग. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा. तिचं वैशिष्ट्य असं की ती पावसाळ्यात खेळतात, चिखलात, ओल्या खेळपट्टीवर. डावखुऱ्या फिरकीची तर चैनच. चाचा विशीत मुंबईला गेले, डोंगरीत गावकऱ्यांच्या खोलीवर राहिले, दुकानात नोकरी धरली आणि मैदानावर एका क्लबच्या सरावाला जाऊ लागले. क्लबवाल्यांनी त्यांना जुलैत खेळायला बोलावलं. आणि जुलैत आमच्याकडे काय असतं, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको. दादांचं पत्र गेलं : पाऊस लागला आहे, लावणीला माणूस नाही, ये. चाचा एसटीत बसून आले आणि चिखलात उतरले. पुढच्या वर्षी पुन्हा क्लबने विचारलं, पुन्हा पत्र गेलं. तिसऱ्या वर्षी क्लबला दुसरा डावखुरा मिळाला होता. यात मी कुणाला दोष देणार? भात वाट पाहत नाही, आणि कांगा लीगही नाही. चाचांचा एकही चेंडू कुठल्या वहीत नोंदलेला नाही.

१९८७-८८ च्या हिवाळ्यात मी सतराव्या वर्षात होतो. एक दिवस पेपरात बातमी आली की पद्माकर शिवलकर मुंबईच्या रणजी संघात परत आले आहेत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. चाचांनी ती बातमी दोनदा वाचून घेतली. ‘सत्तेचाळीस?’ म्हणाले. मग बोटांवर काहीतरी मोजलं, बहुधा स्वतःचं वय. त्या दिवशी असरच्या नमाजनंतर ते खाचरात आले, चपला बांधावर काढल्या आणि मला म्हणाले, ‘उभा राहा रे समोर.’ मी दुसऱ्या चेंडूवर गेलो. माझ्यानंतर एकेक करून आमची सगळी टोळी आली आणि गेली. मग उरलेल्या पेंढ्याच्या काड्या तीन यष्ट्यांसारख्या रोवून ते एकटेच टाकत राहिले. मगरिबची अजान झाली तेव्हा चेंडू दिसेनासा झाला होता. आम्ही बांधावर बसून तो कुठे पडतो आहे ते आवाजावरून ओळखत होतो.