मेट्टूर उघडलं का?

जून उजाडला की आमच्या पुण्याच्या घरात आजीची चुळबुळ सुरू व्हायची. सकाळची कॉफी पितळी टंबलरमधून डवऱ्यात ओतत ती वडिलांना विचारी, "मेट्टूर उघडलं का?" वडील पक्के पुणेकर. धरण म्हटलं की त्यांना १२ जुलै १९६१ आठवे, पानशेत फुटल्याचा दिवस. "आमच्याकडे धरणं आपली आपणच उघडतात," असं ते म्हणत आणि आई डोळे वटारी. आजीची तारीख बरोबर एक महिना आधीची, १२ जून. त्या दिवशी कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी सोडायचं. तीनचार दिवसांत ते कल्लणैला, म्हणजे करिकाल चोळाच्या जुन्या बंधाऱ्याला पोचायचं आणि तिथून फाटे फुटत फुटत कुंभकोणमला. धरण १९३४ चं, आजी तेव्हा परकर-पोलक्यातली. म्हणजे तारीख काही पुराणातली नव्हे. पण तिने ती दिवाळी-संक्रांतीच्या पंगतीला नेऊन बसवली होती.

आजी आईची आई, आजोळ कुंभकोणमच्या दबीर गल्लीत. शिवाजी महाराजांच्या दरबारातला हा हुद्दा तिथे गल्लीला चिकटलाय, कावेरीच्या घाटालाही. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं ते १६७५च्या सुमारास, आणि राज्य खालसा झालं १८५५ साली. राजे गेले, माणसं राहिली. शेजारचे तमिळ लोक आम्हांला 'रायर' म्हणत. आमचे मूळपुरुष व्यंकोजींच्या फौजेबरोबर गेले की पुढे सरफोजींच्या दफ्तरात कारकून म्हणून लागले, यावरून माझ्या दोन मामांचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं. आजीला दोन्ही गोष्टी मान्य होत्या. ज्याच्या घरी जेवण, त्याची गोष्ट खरी.

तिची मराठी ऐकून पुण्याच्या बायका हसत. तिला त्याचं काही नव्हतं. "तुमच्या पुण्यात रसवांगी कुठं करतात?" हा तिचा ठेवणीतला बाण. चिंचेच्या कोळातली, वाटलेल्या धण्या-खोबऱ्याची, हरभऱ्याची डाळ घातलेली वांगी. नावात 'वांगी' धडधडीत मराठी, आणि आज साऱ्या तमिळ मुलखात खातात.

पण मला सांगायचं होतं ते पत्तायमबद्दल. माजघरात एक लाकडी कणगी होती, पुरुषभर उंच, तिला पत्तायम म्हणत. वरून भात ओतायचं, खाली वीतभर सरकतं दार. ते वर ओढलं की भाताचे दाणे सळसळत बाहेर येत, आणि तो आवाज ऐकायला आम्ही पोरं उगाचच दार ओढत असू. माप मरक्कालाने, बारा मरक्कालांचा एक कलम. मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. हे आपल्या देशावरच्या खळ्यातही तसंच होतं, असं पुढे कळलं तेव्हा मला उगाचच भरून आलं. आजीचा दंडक असा की पत्तायमचा तळ कधी दिसू द्यायचा नाही. या वर्षीचं भात या वर्षी खायचं नाही. नवा तांदूळ फक्त पोंगलला, देवापुढे. एरवी तो पोटाला जड. खरं कारण पोटाचं नव्हतं, एक वर्ष बुडालं तर दुसरं हाताशी हवं, एवढंच होतं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, बहुधा तिलाही सांगावं लागलं नव्हतं.

वर्षाची मांडणी सोपी. मेट्टूर उघडलं की कुरुवै, साडेतीन महिन्यांचं हळवं पीक. त्यामागून सांबा, पाच-सहा महिन्यांचं गरवं. कुरुवै कावेरीच्या जिवावर, म्हणजे कूर्गच्या डोंगरातल्या पावसावर. सांबा निम्मं ऐप्पसी महिन्याच्या झडीवर. तिकडचा पाऊस आपल्या उलटा, दसरा-दिवाळीला सुरू होतो. आपण आकाशकंदील लावतो तेव्हा आजी ओले कपडे चुलीवर वाळवत असायची. सांब्याच्याच किती जाती! रोजच्या जेवणाला किच्चिली सांबा, सणाला जिऱ्यासारखा बारीक सीरग सांबा, नव्या जावयाला मापिळ्ळै सांबा. तो खाऊन जावयाने दगडी गोटा उचलून दाखवायचा असे. माझ्या वडिलांनी उचलला का, हे विचारलं की आई विषय बदलायची. व्यंकोजींच्या राणीच्या, दीपाबाईंच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथपंडितांनी 'भोजनकुतूहल' लिहिलं, त्यात तांदळाचे गुणदोष सांगितलेत. आजीने ते पाहिलंही नव्हतं, पण दुकानदाराने भलता तांदूळ दिला तर ती चिमटीत धरून परत पाठवी.

नाही म्हणायला वाईट वर्षं तेव्हाही होतीच. १९५२ च्या जूनमध्ये राजाजींनी मद्रास राज्यातलं धान्याचं रेशनिंग उठवलं, घरोघर हायसं झालं, आणि ३० नोव्हेंबरला नागपट्टणमवर वादळ आलं. सांबा ऐन पोटरीत. आई सांगायची, कौलं उडाली तेव्हा तिला नि धाकट्या भावाला पत्तायममध्ये बसवलं होतं. मामा म्हणतो, छे, पत्तायम तर भाताने भरलेलं होतं, पोरं बसणार कुठे? कोण खरं बोलतंय देव जाणे. वादळानंतर उसनं भात न्यायला गल्लीतली माणसं आली आणि आजीने 'लाभ' म्हणून मापं घातली, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

ते पत्तायम भरायचं कोण, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं. जमीन आमची, थोडकीच, पण चिखलात कंबर मोडणारे हात आमचे नव्हते. मजुरी भाताच्या मापात मिळायची आणि त्या माणसांच्या घरी पत्तायम नसायचं. १९६८ च्या नाताळात त्याच तंजावर जिल्ह्यात कीळवेण्मणीला मूठभर जास्त मजुरीच्या भांडणातून ४४ दलित माणसं झोपडीत कोंडून जाळली गेली, बहुतेक बायका आणि पोरं. आजी सगळ्या वादळांच्या गोष्टी सांगायची, ही कधीच सांगितली नाही. मीही विचारली नाही.

कुंभकोणमच्याच एका डॉक्टरांचं नाव मात्र ती आदराने घ्यायची. डॉ. सांबशिवन. हत्तीपायाच्या रोगापायी त्यांनी सगळ्या गावाला डासांमागे लावलं होतं म्हणे. १९२५ साली जन्मलेला त्यांचा मुलगा पुढे बंगालच्या दुष्काळाने हलला आणि डॉक्टरकीऐवजी शेतकीकडे वळला. ते एम. एस. स्वामिनाथन. त्यांच्या हरितक्रांतीने पत्तायमचा तळ झाकला, यात शंका नाही. कुंभकोणमपासून रेल्वेने तीन स्टेशनांवर आडुतुरैचं भात संशोधन केंद्र आहे, १९२२ पासूनचं. तिथली एडीटी-२७ ही जात साठीच्या दशकात डेल्टाभर पसरली. आजीचा शेरा: "पोट भरतं. वास नाही." किती जुन्या जाती या शेऱ्याबरोबर गेल्या! पुढे नेल जयरामन यांनी गावोगाव हिंडून दीडशेच्या वर परत गोळा केल्या. त्यात खाऱ्या मातीत तगणारं कुळियडिच्चान आहे, उंच वाढून पाण्यात डोकं वर काढणारं काट्टुयानमही आहे. आजीला हे कळतं तर ती म्हणाली असती, टाकल्याच कशाला?

आमचं कूळ असलेला म्हातारा सांगायचा, रात्र गार पडली की दाणा भरतो. आम्ही ओसरीवर चादरी ओढून झोपत असू, तेव्हा हे ऐकलेलं. २००४ साली फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेने, जिचे स्वामिनाथन काही वर्षं प्रमुख होते, आपल्या शेतावरच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी काढून तेच सांगितलं. उन्हाळी हंगामात रात्रीचं किमान तापमान एक अंश चढलं की उत्पन्न दहा टक्क्यांनी उतरतं. म्हाताऱ्याला अंश ठाऊक नव्हते, चादर ठाऊक होती. आता मामाच्या ओसरीवर कोणी झोपत नाही. आत एसी लागलाय.

आणि १२ जून? २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षं त्या दिवशी मेट्टूर उघडलंच नाही. २०१६ चा ईशान्य पाऊस जवळजवळ १४० वर्षांतला सर्वांत कमी. पुढच्या जानेवारीत सगळं राज्य दुष्काळी जाहीर झालं आणि डेल्टाचे शेतकरी कवट्या घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसले. २०१८ ला उलटं. मेट्टूर भरून वाहिलं, मुक्कोम्बूला इंग्रज इंजिनियर काटनसाहेबाच्या वेळच्या बंधाऱ्याचे दरवाजे वाहून गेले, पाणी समुद्राला मिळालं, आणि कालव्यांच्या शेपटाकडची गावं कोरडीच म्हणून ओरडत राहिली. नोव्हेंबरात गज वादळाने नारळ झोपवले. भात एका वर्षात परत येतं, नारळाला सात-आठ वर्षं लागतात. आता पाऊस कमी पडतो असंही म्हणवत नाही. पडतो तो नको तेव्हा, आणि सगळा एकदम.

२०२५ ला, आश्चर्य म्हणजे, १२ जूनलाच पाणी सुटलं. मामाने सकाळी सकाळी फोन केला, "उघडलं." आजीला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी तो मला फोन करतो. कुरुवै झकास आलं. ऑक्टोबरात मी गेले तेव्हा झड लागली होती आणि एका खरेदी केंद्राबाहेर रस्त्याच्या कडेने भाताच्या राशी ताडपत्रीखाली झाकलेल्या. ओलावा सतरा टक्क्यांच्या आत हवा, यंत्र त्याहून कितीतरी जास्त दाखवत होतं. एका बाईने ताडपत्रीचं टोक उचलून मूठ माझ्यासमोर धरली. दाण्यांना पांढरे कोंब. मटकीला येतात तसे. सहा दिवस ती तिथेच राशीशेजारी झोपत होती.

रात्री मामीने किच्चिली सांब्याचा भात आणि रसवांगी केली. तांदूळ आता सेंद्रिय दुकानातून येतो, किलोकिलोने. पत्तायममध्ये जुने पेपर आणि नवरात्रातल्या गोलूच्या बाहुल्या आहेत. बाहेर पाऊस असा की बोलणं ऐकू येईना, आणि मामी सांगत होती २०१७ ची गोष्ट, आडी अठराची. त्या दिवशी भरल्या कावेरीला ओटी वाहायची, ताडपत्राची कर्णफुलं, काळे मणी, आणि मग घाटावर बसून चित्रान्न, चिंचेचा भात, दहीभात. त्या साली पात्रात नुसती वाळू. बायकांनी बोअरचं पाणी घागरीतून नेलं, वाळूत ओतलं आणि त्याची पूजा केली.

"दोन घागरी ओतल्या," मामी म्हणाली. "वाळू पिऊन गेली. तिसरीपर्यंत आम्हीच दहीभात खाल्ला, ऊन किती होतं ते विचारू नको. वांगं घे ना, तू काही घेतलंच नाहीस."