चोखोबांच्या नावाचे छप्पर

आषाढी एकादशी जवळ आली की पंढरपुरात पाय ठेवावयास जागा उरत नाही. पूर्वी ऐपतदार यात्रेकरू बडव्यांच्या वाड्यांत उतरत, दिंड्या मठांत राहत आणि गरिबांस चंद्रभागेचे वाळवंट असे. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यास मात्र पदरी पैसे असूनही सवर्णांच्या धर्मशाळेत थारा मिळत नसे. हे दुःख गाडगेमहाराजांनी (१८७६-१९५६) जाणले. लोकवर्गणीतून त्यांनी तेथे धर्मशाळा उभारली आणि ज्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे त्या चोखामेळ्यांचे नाव तिला दिले. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली विठ्ठलमंदिर सर्वांस खुले झाले. निवाऱ्याचे दार त्याआधीच उघडले होते. १९४९ साली महाराजांनी ही वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतःसाठी त्यांनी तीत एक खोलीही राखली नाही.