शस्त्र अधिनियम, १९५९

भारतात बंदुका, दारूगोळा व अन्य शस्त्रे बाळगणे, बनविणे आणि विकणे यांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. बंदूक बाळगण्यास परवाना लागतो. तो देण्यापूर्वी पोलिसांचा अहवाल मागवला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा सर्वसाधारणपणे ३ वरून २ वर आली, परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली आणि बेकायदा निर्मितीस जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठरली.

कडक नियमांमुळे शस्त्रे सहज हाती पडत नाहीत, असे समर्थक म्हणतात. मात्र बंदुकीने होणाऱ्या बहुतेक खुनांत विनापरवाना शस्त्रे, विशेषतः गावठी कट्टे, वापरली जातात. त्यांचा मालक परवान्याच्या वाटेला जातच नाही. उलट, रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या कोकणातील शेतकऱ्याला निवडणूक आली की ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. कोणाची शस्त्रे जमा करायची हे ठरवणारी छाननी समिती त्याला सवलत देऊ शकते, तरी नियमांचा भार परवानाधारकावरच पडतो. म्हणून परवानाधारकांवर नवे निर्बंध लादण्यापेक्षा अवैध कारखाने व तस्करी मोडून काढणे अधिक निकडीचे आहे.