खाट, पलंग आणि साग : जव्हार-मोखाड्यातील घरगुती सुतारकामाचा एक विचार

निजावयाच्या लाकडी चौकटीला मराठीत एकच नाव नाही. खाट, बाज, बाजले, माचा, मंचक, पलंग अशी अनेक नावे आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. बाळंतिणीची बाज असते, मंचक नव्हे. राजा मंचकावर पहुडतो, बाजल्यावर नव्हे. सरकारी रुग्णालयही तीस खाटांचे असते. ते तीस पलंगांचे असल्याचे कोणी ऐकले नसेल. हा भेद केवळ श्रीमंती-गरिबीचा म्हणून सोडून देण्याची चाल आहे. परंतु त्याच्या मुळाशी रचनेचा भेद आहे, आणि रचनेच्या भेदाशी लाकूड कोणाच्या मालकीचे हा प्रश्न गुंतलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम शब्द पाहू. 'खाट' हा संस्कृत 'खट्वा' शब्दापासून आला, हे निर्विवाद आहे. पण 'खट्वा' कोठून आला? तमिळ भाषेत खाटेला 'कट्टिल' म्हणतात, आणि 'कट्टु' म्हणजे बांधणे. संस्कृत शब्द द्राविडीतून उचललेला असावा, या मताला बरो यांच्यासारख्या अभ्यासकांचा पाठिंबा आहे. ते ग्राह्य धरल्यास खाट म्हणजे मुळात 'बांधलेली' वस्तू ठरते. पाणिनीच्या काळी हा शब्द इतका रुळलेला होता की, अध्ययन पुरे न करता व गुरूची आज्ञा न घेता खाटेवर चढणाऱ्यास 'खट्वारूढ' म्हणून हिणवीत असत. (आपल्या विद्यार्थ्यांस हा शब्द अधूनमधून ऐकवावयास हरकत नाही.) पुढे इंग्रजांनी हिंदीतील 'खाट' उचलून आपला 'कॉट' केला. 'पलंग' मात्र 'पर्यंक' शब्दाच्या कुळातील आहे. पालखीही त्याच कुळातली. म्हणजे या घराण्याचा वावर आरंभापासून मोठ्यांच्या वाड्यात.

आता रचना. खाटेला चार पाय, दोन लांब व दोन आखूड गाती. पायाला जुन्या भाषेत खूर म्हणत. 'गाते' हा शब्द 'गात्र' म्हणजे अवयव यापासून आला आहे. भाषेने खाटेला जनावरच मानले आहे, हे उघड दिसते. गात्याच्या टोकाला वाकसाने व पटाशीने कुसू म्हणजे जीभ काढावयाची, पायाला तिच्या मापाचे चौकोनी भोक म्हणजे साल पाडावयाची, आणि एकीत दुसरी ठोकून बसवावयाची. खिळ्याची गरज नसते. चौकट घट्ट राहते ती विणीच्या ताणाने. दोरी जसजशी आवळत जाते तसतशी गाती पायांत रुतत जातात. दोरी सैल पडली की पायगतीकडची दोरी पुन्हा ताणली, म्हणजे खाट पूर्ववत होते. म्हणून या वस्तूला लाकूड पूर्ण वाळलेले नसले तरी चालते, आणि थोड्या वाकड्या गात्यानेही काम भागते. बाळंतिणीच्या बाजेखाली शेकाची शेगडी ठेवतात. तिची ऊब विणीच्या फटींतून वर येते. फळ्यांच्या पलंगाला ही सोय नाही. पलंगाच्या फळ्यांना मात्र सरळ, वाळलेले, आक्रसणार नाही व तडकणार नाही असे लाकूड लागते. ऐन तडकतो. साग टिकतो. येथेच अडचण सुरू होते.

कारवीच्या कुडाची घरे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबे स्वतःच उभारीत आली आहेत. ज्याला घर उभारता येते त्याला खाट करणे अवघड जाण्याचे कारण नाही. कसब होते, लाकडावर हक्क नव्हता. साग हे राज्याचे झाड, ही कल्पना इंग्रजांच्याही आधीची आहे. आरमारासाठी सागाचे महत्त्व आज्ञापत्रात सांगितलेलेच आहे. पुढे ब्रिटिश मुलखात साग व शिसव ही झाडे कुळाच्या जमिनीत उभी असली तरी सरकारची मानली जाऊ लागली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल आला. मोखाडा या ब्रिटिश जिल्ह्यात होता, तर जव्हार मुकणे घराण्याच्या संस्थानात. संस्थानातही जंगल हे उत्पन्नाचे एक प्रमुख साधन होते. अर्थात सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, उभा साग धन्याचा आणि खाली पडलेली काटकी रयतेची, ही रीत फारशी वेगळी नव्हती.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. रीत मात्र कायद्यात टिकली. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, ऐन, मोह, आंबा, फणस ही झाडे आली. स्वतःच्या शेतातला साग पाडावयाचा तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी. १९६९ चा दुसरा कायदा आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी झाला. व्यापाऱ्याच्या लुबाडणुकीपासून खातेदारास वाचविणे हा त्याचा हेतू स्तुत्य होता. पण झाड पाडणे आणि झाड विकणे यांचा विचार करणाऱ्या या कायद्यांत, ते घरातच वापरू इच्छिणारा मनुष्य कोपऱ्यातच राहिला, असे म्हणावे लागते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामस्थांचा हक्क मानला. त्यात बांबू, वेत, झाडाचे खुंट यांचा समावेश आहे. इमारती लाकूड त्यातून वगळले आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला वृक्ष ठरविले होते. २०१७ मध्ये ती व्याख्या बदलली गेली. आता गंमत अशी की, कायद्याने आखलेली ही रेघ भाषेतील जुन्या रेघेवरच नेमकी येऊन पडली आहे. बांबूच्या गात्यांची, अंबाडीच्या वाखाने विणलेली, बांधलेली खाट हक्काच्या बाजूस राहते. सांधलेला, फळ्यांचा, सागाचा पलंग परवानगीच्या बाजूस जातो.