खोटी नावे, खरा बँड : ‘गोल्डन स्मॉग’चा निवडक संग्रह

१/५ अमेरिकेतील मिनिआपोलिस शहर. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथील काही रॉक वादक केवळ मौजेखातर एकत्र येऊन इतरांची गाणी वाजवू लागले. ‘द फ्लिंटस्टोन्स’ या कार्टून मालिकेतील एका गायकाचे नाव त्यांनी उचलले : गोल्डन स्मॉग.

२/५ मंडळी मात्र नामांकित होती. सोल असायलमचा डॅन मर्फी, जेहॉक्सचे गॅरी लॉरिस व मार्क पर्लमन, रन वेस्टी रनचा क्रेग जॉन्सन आणि पुढे विल्कोचा जेफ ट्वीडी. कंट्री संगीताचा गोडवा आणि रॉकचा खडबडीतपणा यांचा मेळ हे त्यांचे वैशिष्ट्य.

३/५ अडचण एकच : प्रत्येक जण आपापल्या कंपनीच्या कराराने बांधलेला. म्हणून ‘डाउन बाय द ओल्ड मेनस्ट्रीम’ या पहिल्या अल्बमवर टोपणनावे छापली गेली. स्वतःचे मधले नाव आणि त्यापुढे बालपणीच्या रस्त्याचे नाव! १९९८च्या ‘वीअर्ड टेल्स’मध्ये बिग स्टारचा ड्रमवादक जोडी स्टीफन्सही आला.

४/५ २००८ मध्ये ‘स्टे गोल्डन, स्मॉग’ हा निवडक संग्रह निघाला. त्याच्या उपशीर्षकातच मर्यादा नोंदवली आहे : ‘रायकोडिस्कची वर्षे’. २००६चा ‘अनदर फाइन डे’ दुसऱ्या कंपनीचा, म्हणून तो या निवडीबाहेर राहिला.

५/५ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. पहिल्या अल्बमचे वेष्टन हे अस्सल, समकालीन साधन. तरीही त्यावरील नावांची माणसे कधी अस्तित्वात नव्हती. ‘सर्वोत्तम’ म्हणवणाऱ्या संग्रहाची सीमाही कानांनी नव्हे, मालकी हक्कांनी आखली. साधन अस्सल असले, तरी ते कोणत्या बंधनात घडले हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष पूर्ण होत नाही.