खाणारी तोंडं, राबणारे हात : घराच्या आकाराचा शंभर वर्षांचा हिशेब

गडमुडशिंगीसारख्या गावात लोकसंख्येवर बोलायचं तर जनगणनेचं पुस्तक नंतर उघडावं, आधी सातबारा बघावा. कोल्हापूर शहराला लागून असलेलं हे करवीर तालुक्यातलं गाव. एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, आणि उशालाच विमानतळ. विमानतळाच्या विस्तारासाठी इथल्या जमिनी घ्यायचं ठरलं. भूसंपादन आलं की घरोघरचे उतारे ट्रंकेतून बाहेर निघतात, आणि उताऱ्यावरची नावं मोजताना घराचा सगळा इतिहास समोर येतो. पणजोबांच्या काळात एक नाव. मग चार भाऊ. मग त्यांची मुलं. १९९४ची राज्याची आणि २००५ची केंद्राची दुरुस्ती झाल्यावर मुलींचीही नावं. हे सगळे लोक कुठून आले, आणि आता यायचे का थांबले, हा आपला आजचा विषय.

नव्या नवरीला 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' म्हणायची आपल्याकडे पद्धत होती. आज मांडवात कुणी मनापासून असं म्हणालं तर नवरी दचकेल, आणि नवरीचा बाप त्याहून जास्त. पण हा आशीर्वाद ज्या काळातला आहे, त्या काळाचे आकडे बघा. १९०१ साली कोल्हापूर संस्थानची लोकसंख्या सुमारे ९ लाख १० हजार होती. दहा वर्षांनी, १९११ ला, ती ८ लाख ३३ हजारांवर आली. घरोघरी पाळणा हलत होता, तरी माणसं कमी झाली! प्लेगनं गावं रानात झोपड्या बांधून राहत होती. १९१८ ला इन्फ्लुएन्झा आला. जन्मलेल्या दर चार-पाच बाळांपैकी एक वर्षाचं होत नसे. आठ म्हणजे आठ हातीपायी धड मोठे होणार असा त्या आशीर्वादाचा अर्थच नव्हता. आठ झाली तर तीन-चार उरतील, एवढाच हिशेब होता.

आपल्याकडची नावं आठवा. दगडू, धोंडू, केराबा. एकामागून एक मुलं गेलेल्या आईनं पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव ठेवायचं, म्हणजे सटवीची किंवा मृत्यूची नजर त्याच्यावर जाणार नाही. आज आपण या नावांना हसतो. आम्हाला विचाराल तर जुन्या घराची बालमृत्यूची नोंदवही हीच. सरकारी रजिस्टरात जे उतरलं नाही, ते नावांत राहिलं.

दुसरी गोष्ट कामाची. गुऱ्हाळ ज्यांनी बघितलंय त्यांना फार सांगायला नको. ऊस तोडायला माणसं, घाण्यात ऊस घालायला माणूस, चुलवाणाला जळण घालायला माणूस, चिपाडं वाळत घालायला पोरं, आणि काहिलीपाशी गुळव्या. भांगलणीला बायका, जनावरांमागं एक पोरगा. मजूर लावायला पैसा नव्हता म्हणून पैरा होता. तुम्ही आमच्या रानात या, आम्ही तुमच्या रानात येतो. पण पैऱ्याला घरातून चार माणसं निघाली तरच चार माणसं परत येणार. एकट्या माणसाला पैऱ्यात कोण धरणार? तेव्हा जास्त मुलं ही हौस नव्हती, अडाणीपणाही नव्हता. महमूद ममदानी या अभ्यासकानं पंजाबातल्या मनुपूर गावावर १९७२ साली पुस्तक लिहिलं. मोठमोठे तज्ज्ञ संततिनियमनाचा प्रयोग घेऊन त्या भागात गेले होते आणि लोक का ऐकत नाहीत म्हणून चक्रावले होते. ममदानींनी दाखवलं की शेतकऱ्याला ते सगळं कळत होतं. त्याला मुलं कमी असणं परवडत नव्हतं.

मग उलटं कधी झालं? आमच्या मते कुटुंब नियोजनाची पाटी लागायच्या बरंच आधी सुरुवात झाली. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया! हा कायदा लोकसंख्येसाठी केलेलाच नव्हता. पण ज्या दिवशी पोरगा जनावरं सोडून पाटी घेऊन बसला, त्या दिवशी राबणारे दोन हात कमी झाले आणि खाणारं तोंड तेवढंच राहिलं. कमाई आधी मुलांकडून आईबापांकडे यायची, आता आईबापांकडून मुलांकडे जायला लागली. फी, वह्या, पुढं क्लास, आणि आता इंग्रजी शाळेची गाडी. जगभर लहान कुटुंबाची वाट शाळेवरून गेली आहे, गडमुडशिंगी त्याला अपवाद नाही.

जमिनीचं गणित तर पोरालाही येईल. आठ एकर, आठ मुलगे, प्रत्येकी एक एकर. त्या प्रत्येकाला चार मुलगे, की झाले दहा गुंठे. दहा गुंठ्यात बैल वळवायलाही जागा पुरत नाही. प्लेग गेला, देवीची लस आली, मुलं जगायला लागली, आणि तोच आशीर्वाद दोन पिढ्यांत बांधाच्या भांडणापर्यंत आला. सरकारनं १९४७ ला तुकडेबंदीचा कायदा केला, पण कागदावर तुकडा बंद करून भाऊ थोडेच कमी होतात!

संततिनियमनाचा विचार आपल्याकडे बोलून दाखवणाऱ्यांना काय सोसावं लागलं तेही सांगितलं पाहिजे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले. एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला, तो फेटाळला गेला. या मांडणीत बाईची प्रकृती आणि बाईची इच्छा हा मुद्दा मध्यभागी होता.

पुढं १९५२ साली देशाचा कार्यक्रम झाला आणि मुद्दा सरकला. बाईच्या इच्छेच्या जागी उद्दिष्ट आलं. इतक्या केसेस या महिन्यात पाहिजेत! १९७६ ला महाराष्ट्र विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक चक्क मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या एका वर्षात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यात साठ लाखांहून जास्त पुरुष. आणीबाणी संपली आणि पुरुष जे पळाले ते अजून परत आलेले नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात नसबंदी केलेल्या स्त्रियांचं प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास आहे, पुरुषांचं ०.३ टक्के. टेबलावर बाईच.

आणि कोल्हापूरकरांनी मान खाली घालावी असा आकडा. घर लहान झालं, पण 'एक तरी मुलगा' ही अट लहान झाली नाही. आठ मुलांत मुलगा आपोआप यायचा. दोनांत तो आणायला लागला. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली. शाहूंचा जिल्हा, उसाचा, दुधाचा जिल्हा, सोनोग्राफीची यंत्रं भरपूर. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ सालीच. तरी ८३९. लहान कुटुंब म्हणजे सुधारलेलं कुटुंब असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा खिशात ठेवावा.

आज वारं फिरलंय. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी मुलं १.७ होती, लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतात. तीन मुलं होऊ द्या असं आवाहन डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात झालं. आंध्र प्रदेशानं स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट त्याच वर्षी काढून टाकली. आपल्याकडे मात्र १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यत्व जातं असा नियम! एका बाजूला तिसऱ्याची हाक, दुसऱ्या बाजूला तिसऱ्याची शिक्षा. दक्षिण कोरियानं पैसे वाटून बघितले. २०२३ ला तिथला दर ०.७२ वर आला.

जास्त मुलांना काहीच मोल नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही. मोठ्या घरात धाकट्याला थोरली बहीण सांभाळायची, आजारपणात चुलती उभी राहायची, म्हातारा एका सुनेवर रुसला तर दुसरीच्या चुलीपाशी जेवायचा. ते सगळं गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. मात्र ते मोल कुणाच्या कष्टावर उभं होतं? त्या थोरल्या बहिणीची शाळा चौथीत सुटली होती.

मुलं पुष्कळ वाढवणं आणि पुष्कळ जन्माला घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याच जिल्ह्यानं दाखवलंय. १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, जातीजातीची. याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० ला त्या गेल्या. त्यांच्या हातचं जेवून शिकलेली पोरं किती, त्यांचा हिशेब कुठल्या जननदरात बसत नाही.

आणि त्या पोरांनीच पुढं आपल्या घरी दोन किंवा तीनच मुलं होऊ दिली.

वेळ होत आलाय. आता प्रश्न घेऊ. माईक आधी मागं, बायका बसल्यात तिकडं द्या.