नाणे घासण्यापूर्वी

लक्ष्मीपूजनाआधी देव्हाऱ्यातली जुनी नाणी चिंचेच्या कोळात भिजवून लख्ख घासण्याची रीत अनेक घरांत आहे. पूजेला त्याने शोभा येते. पण त्यांत एखादी शिवराई किंवा त्याहून जुने नाणे असेल, तर दहा मिनिटांत इतिहासाचे एक साधन नष्ट होते. हे नुकसान कसले, ते जोगळटेंभीच्या नाण्यांवरून कळते.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. एका बाजूस राजाचे मुख, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाशिकच्या लेण्यातील शिलालेखातही गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश संपवल्याचे म्हटले आहे. पण तो लेख त्याची आई गौतमी बलश्री हिने कोरविलेला. त्यातली स्तुती घरचीच. नाणी मात्र या विजयाची स्वतंत्र साक्ष देतात. ही साक्ष कोठे आहे? सातवाहनांच्या ठशाखालून डोकावणाऱ्या नहपानाच्या चेहऱ्याच्या रेषेत, ग्रीक अक्षरांच्या अर्धवट तुकड्यांत. घासताना आधी झिजतात त्या याच पुसट खुणा. हरलेला राजा अशा वेळी दुसऱ्यांदा पुसला जातो.

प्रत्येक धातूची प्रकृती वेगळी. तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा वा तपकिरी थर हा मळ नव्हे. धातूचा मूळ पृष्ठभागच त्या थरात टिकून असतो, अक्षरेही त्यातच असतात. चिंच किंवा लिंबू तो थर विरघळवते. भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके मात्र रोगाचे लक्षण. क्लोराइडमुळे होणारा हा रोग दमट हवेत वाढतो, म्हणून असे नाणे कोरड्या जागी वेगळे ठेवून जाणकार संवर्धकाला दाखवावे. सातवाहनांची अनेक नाणी शिशाची आहेत. ती पाण्यातही भिजवू नयेत. काही लाकडी पेट्यांतून निघणाऱ्या आम्ल वाफांनीसुद्धा शिशाची पांढरी भुकटी होते.

तांब्याच्या निरोगी नाण्यावर नुसती माती असेल, तर आधी वजन करावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. मग नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून पाणी रोज बदलावे. मऊ झालेली माती भिंगाखाली लाकडी काडीने अलगद काढावी. शेवटी कापडाने पाणी टिपावे, चोळू नये. अक्षरे वाचता आली की थांबावे. चकाकीसाठी पुढे जाऊ नये.

शेतात किंवा पायाच्या खोदकामात नाणी सापडली, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तेव्हा ती न धुता, मडक्यासह आणि मातीसकट द्यावीत. ती कोणी, केव्हा पुरली, याचा पत्ता पुष्कळदा त्या मातीतच असतो.